जाकड आणलेली फटफटी

मागच्या थंडीत नागपूरहून एक दातांचे डॉक्टर माझ्याकडे आले होते. जुन्या मोटारसायकली जमवायचा त्यांना नाद. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की एका रिटायर्ड शास्त्राच्या बाईंच्या पडवीत दोन स्ट्रोकची जुनी गाडी उभी आहे आणि ती अजून चालू होते. त्यांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या, गुडघे टेकून खालून पाहिलं, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, ही तर विंटेज आहे. विकता का?" मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला, गाडी दिली नाही. विंटेज म्हणे. आम्ही घेतली तेव्हाही ती जुनीच होती, फक्त तेव्हा जुन्याला लोक जुनंच म्हणत आणि त्याची किंमत कमी करत. जाता जाता डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला कितीला पडली होती?" मी म्हटलं, एका वर्षाला. ते हसले, त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते. गंमत नव्हती ती. पण दारात उभ्या माणसाला एवढं सगळं कुठं सांगत बसणार, म्हणून इथं लिहून ठेवते.

आमचं गाव कोहमाऱ्याच्या फाट्यापासून दोन कोस आत. मध्ये सगळं जंगल, आणि जंगल संपलं की एकदम समोर तलावाची उंच पाळ. ती पाळ आमच्याच कोणा पूर्वजांनी घातली, असं घरात सांगत. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. कोहळी माणसाला वाहतं पाणी दिसलं, की ते अडवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही. घराचा रस्ता त्या पाळीवर चढून पलीकडे उतरायचा, त्यामुळे गावात येणारी प्रत्येक बैलबंडी, प्रत्येक सायकल आधी पाळीवर दिसे आणि मग गावात येई. पहाटे आधी ढेकीचा आवाज, माय भात कांडत असायची. मग कोठ्यातल्या बैलांच्या घंटा, मग तलावाच्या तोंडाशी पाट सोडायला गेलेल्या बाबूजींचं खाकरणं. जेवायला दोन्ही वेळ भात, लाखोळीचं वरण, वांग्यात सुके झिंगे, आणि या सगळ्यांच्या वर जवसाची चटणी. धान कापायच्या आधी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, ओलीवर आम्ही जवस फेकून देत असू, तो आपला आपण उगवे. घाणीवरून त्याचं तेल काढून आणलं, की मातीच्या मोठ्या मडक्यात ते वर्षभर राही. आमच्या घरी ते तेल खायला, दिव्याला, डोक्याला, गुडघ्याला आणि बैलाला. रोवणीच्या चिखलात बैल दमू नये म्हणून आधी काही दिवस बाबूजी बांबूच्या नळीनं त्याला जवसाचं तेल पाजत. बैलाची मान वर धरायचं काम माझं. तेल पोटात गेलं, की आठवड्यात बैलाच्या अंगावर हात ठेवला तरी घसरे.

बैल पारखण्यात बाबूजींचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. पाच गावांची माणसं बाजाराला जाताना त्यांना सोबत नेत. ते दात पाहत, खूर पाहत, अंगावरचे भोवरे पाहत, पण एवढ्यावर बैल कधी घेत नसत. बैल ते जाकड आणत. म्हणजे थोडा इसार द्यायचा आणि बैल आठ दिवस आपल्या खुट्याला बांधून पाहायचा. नांगराला, बंडीला, चढावर, सगळीकडे जुंपून पाहायचा. पटला तर आठव्या दिवशी बाकीचे पैसे, आणि मगच माय त्याच्या पायावर पाणी घालून कपाळाला कुंकू लावणार. काही खोड निघाली, तर बैल परत आणि इसारही परत, दोन्हीकडून एक शब्द वावगा नाही. आठ दिवसांत बैल आपल्या हातानं लंगडा झाला, तर मात्र तो आपला. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहून ठेवणाऱ्यांवर बाबूजींचा विश्वासही नव्हता.

मी दहावी पास झाले आणि शास्त्रात शाळेत पहिली आले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं माझा जो शहाणपणा दिसणार आहे, त्याच्या शेजारी ठेवून ते वाचायला मजा येते. पुढचं शिक्षण साकोलीला. फाट्यावरून साकोलीला हव्या तेवढ्या एसट्या होत्या, प्रश्न होता तो घरापासून फाट्यापर्यंतच्या दोन कोस जंगलाचा. मायचं म्हणणं सरळ होतं. "अजी, पोरीले रोज जंगलातून एकटी कायले धाडता? दहावी झाली, लय झालं. आता पोरगा पाहा." माय वाईट नव्हती. आमच्या गावात ज्या पोरी दहावीनंतर एक वर्ष घरी बसल्या, त्या दुसऱ्या वर्षी मांडवात बसल्या, एवढं तिनं पाहिलेलं होतं आणि त्यात तिला काही चुकीचं दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मला रात्रीची झोप नव्हती. बाबूजींनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "फटफटी घेऊ. परसराम सकाळी हिले फाट्यावर सोडन, संध्याकाळी घेऊन येईन. गाडी पटली तर कॉलेज. नाही पटली तर मंग मायचं ऐकू." परसराम म्हणजे माझा मोठा भाऊ. तो फाट्यावरच्या मित्रांच्या गाड्यांवर चालवायला शिकलेला होता, आणि या निकालानं माझ्यापेक्षा तोच जास्त खूश झाला.

गाडी होती बिसेनबाबूंची. सरकारी दवाखान्यात ते कंपौंडर होते, आता रिटायर होऊन फाट्याजवळच्या एका खेड्यात राहत. सारा जन्म त्यांनी त्या फटफटीवर जंगलातल्या वस्त्यांना औषधं पोचवली. तिचा फटफट आवाज आला, की लहान पोरं इंजेक्शनच्या भीतीनं धानाच्या कणग्यांमागं लपत. मीही लपलेली आहे. अलीकडे त्यांच्या हाताला कंप सुटला होता, क्लच धरता येईना, म्हणून गाडी विकायची. जातीनं पवार, जिभेला हाड नाही, आणि बोलायला लागला की अर्धी हिंदी. बाबूजी गाडीभोवती फिरून फिरून पाहत होते, टायर दाबत होते, हेडलाइटच्या काचेत वाकून बघत होते. ते पाहून बिसेनबाबू म्हणाले, "पाटील, गाडी है ये, बैल नहीं. दात कायले मोजता?" बाबूजी शांतपणे म्हणाले, "जाकड नेतो. आठ दिवस पाहतो." बिसेनबाबूंनी कपाळावर हात मारला. पण बाबूजींचा शब्द त्यांना माहीत होता, त्यांनी इसार घेतला. निघताना त्यांनी परसरामला नाही, मला जवळ बोलावलं, कारण सगळ्यांत लक्ष देऊन मीच ऐकत होते. टाकीच्या झाकणाला आतून एक लहानसं माप होतं. "हे पाहा. ही गाडी पेट्रोलसंग तेल पिते. एक लिटरले या मापानं दोनदा. हेच तेल, या डब्यातलं. विसरली तर पिस्टन धरून घेईन." मी मान हलवली आणि दादालाही तसंच सांगितलं. परसरामदादानं किक मारली आणि निळ्या धुराचा लोट सोडत आम्ही दोघं पाळीवरून गावात उतरलो, तेव्हा अर्धं गाव दारात उभं होतं.

बाबूजींनी फटफटी कोठ्यात बैलांच्या शेजारी उभी केली. पहिला दिवस तिला विश्रांती, कारण नवं जनावर नव्या जागी बिचकतं. एक बैल रात्रभर तिच्याकडे तोंड करून फुरफुरत होता, त्याला तो वास आवडला नसावा. माय कुंकवाची वाटी घेऊन आली, तर बाबूजींनी तिला परत पाठवलं. "आठ दिवस होऊ दे. आधी पटू दे." दुसऱ्या दिवसापासून पारख सुरू झाली. दादा पुढं, बाबूजी मागं, मांडीवर तांदळाचं पोतं, आणि पाळीचा चढ. बैलाला जुंपून पाहतात तसंच. सपाट रस्त्यावर गाडी छान चाले, पण पोत्यासकट पाळ चढताना मध्येच तिचा आवाज बसे, धूर वाढे आणि दादाला पाय टेकून ढकलावी लागे. चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबूजी आकसे खात होते. आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे पातळ आकसे करतात, गरम असताना त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. त्यांनी आकशाचा तुकडा चटणीत बुडवला आणि म्हणाले, "चढावर दमून राहिली. आणखी तीन दिवस पाहू. नाहीतर परत देऊ. फाट्यावरच्या ढाबेवाल्याजवळ एक आहे, ती पाहू." मायनं तव्यावरून मान वर केली नाही, पण तिला बरं वाटलं हे मला तिच्या पाठीकडे पाहून कळलं. ढाबेवाल्याच्या गाडीवर माझा भरवसा नव्हता. आज एक गाडी परत जाईल, उद्या दुसरी जाईल, आणि तोवर कॉलेजची मुदत संपेल, एवढंच मला दिसत होतं.

आता माझा शहाणपणा. दमलेल्या जनावराला आमच्या घरी काय देतात, हे मला पाळण्यातून उतरल्यापासून माहीत. ही गाडी तेल पितेच, हे बिसेनबाबूंनी स्वतः सांगितलेलं. मग बाजारातलं ते काळपट, जळक्या वासाचं तेल कशाला? आपल्या बांधीतलं, घाणीचं, सोन्यासारखं तेल घरात मडकाभर पडलंय. सहाव्या दिवशी सकाळी सगळे शेतावर गेल्यावर मी गडूभर जवसाचं तेल काढलं, कापडातून गाळलं आणि टाकीत ओतलं. मापानं नाही. मापानं तर आजारी माणसाला औषध देतात, बैलाला मापानं कोण पाजतं? मी तिच्या टाकीवर हात फिरवून, कोणी ऐकत नाही ना हे पाहून, म्हटलं, "चढ बाई आता." शास्त्रात पहिली आलेली पोरगी. जन्मभर मी वर्गात पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं ते उगीच नाही, त्या सकाळी मी स्वतःला एकही विचारला नव्हता.

गंमत अशी, की त्या दिवशी गाडी पाळ चढली. पोत्यासकट. दादा म्हणाला, "आज भलती चालून राहिली गा." तिच्या मागं सगळ्या गावात वडे तळल्याचा वास पसरला. कोपऱ्यावरच्या घरची काकू आमच्या दारात येऊन माझ्या मायला विचारून गेली, "काऊन बाई, वडे कायचे? पाहुणे आले का?" मायला काही कळेना. मला सगळं कळत होतं आणि मी आतल्या आत नाचत होते. बाबूजींनी संध्याकाळी गाडीच्या सीटवर दोनदा थाप मारली. बैल पटला की ते त्याच्या वशिंडावर अशीच थाप मारत. मी त्या रात्री पोटभर जेवले.

सातव्या दिवशी सकाळी किक खाली गेलीच नाही. दादा तिच्यावर उभा राहिला, उड्या मारल्या, पण ती जागची हलेना. आतलं सगळं एकमेकांना धरून बसलं होतं. आज मी दोन वाक्यांत सांगू शकते, की जवसाचं तेल तापलं की घट्ट होतं आणि वाळलं की त्याचा चिवट थर बसतो, सुतार लाकडाला तेच चोळतात. तेव्हा मला एवढंच कळलं, की हे मी केलंय. बैल गेला आणि झोपा केला, तशी मी मडक्यावर घट्ट फडकं बांधून आले. बाबूजींनी दादाला विचारलं, "तेल बराबर टाकलं होतं?" तो म्हणाला, "हाव जी, बाबूनं सांगितलं तसंच." तो खरं बोलत होता. मग बाबूजींनी ठरवलं, की खोड निघाली, आजच परत देऊ, म्हणजे उद्या ढाबेवाल्याची पाहता येईल. आणि मी गप्प बसले. हिशेब मला एका क्षणात कळला होता. गप्प राहिले, तर इसार परत येतो, दुसरी गाडी येते, कॉलेज होतं. बोलले, तर ही मेलेली गाडी आमच्या गळ्यात पडते, दुसरीला पैसे उरत नाहीत, वर्ष जातं, आणि वर्ष गेलं की मी मांडवात. मी मूग गिळून बसले. बंडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून त्यावर फटफटी आडवी निजवली, तेव्हा ती घसरू नये म्हणून तिला धरायला कोणीतरी लागणार होतं. मीच बसले. दोन कोस जंगल मी तिचं हँडल मांडीवर घेऊन गेले, आणि वाटेत बाबूजी एकदाच बोलले, "बाबूले वाईट वाटन. पण व्यवहार आहे."

बिसेनबाबूंनी बंडीतली गाडी पाहिली आणि ते खाटेवरून उठून आले. त्यांचे हात थरथरत होते म्हणून त्यांनी माझ्याकडून प्लग काढून घेतला, पाना कसा धरायचा ते बोलून दाखवलं. प्लग त्यांनी नाकाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग बाबूजींकडे पाहून म्हणाले, "पाटील, इले काय पाजलं?" बाबूजी म्हणाले, "तुम्ही देलं तेच." "ये मेरा तेल नहीं है. माह्या नाकाले कळते." बाबूजींचा आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. "बाबू, माह्या कोठ्यात माह्या परवानगीबिगर कोणी जनावराले हात लावत नाही. आपल्या पोरांची शपथ घेऊन सांगतो, दुसरं काही टाकलं नाही." दोघं एका वयाचे, दोघं तापट, मला वाटलं आता भांडण होणार. ते झालं नाही. बिसेनबाबूंनी प्लग माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "ठीक आहे. तुमचा शब्द आहे, मंग बात खतम. इसार आणून देतो." आणि ते वळून पायऱ्या चढायला लागले, एका हातानं दाराची चौकट धरत.

त्यांनी भांडण केलं असतं, तर मी कदाचित गप्पच राहिले असते. आजही मला तसंच वाटतं, आणि ते लिहायला लाज वाटते. पण बाबूजींच्या खोट्या शब्दाला तो म्हातारा खरं मानून पैसे आणायला चालला होता, आणि बाबूजींना आपण खोटं बोललो हे ठाऊकही नव्हतं. त्यांच्या आयुष्यातली ती एकच खोटी शपथ, आणि ती माझ्यामुळे. मी म्हटलं, "बाबू, थांबा. मी टाकलं. जवसाचं." दोघेही वळले. बाबूजींनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "गडूभर." बिसेनबाबू पायरीवरच बसले आणि त्यांना हसू आवरेना. खोकत खोकत म्हणाले, "गडूभर. अगे पोट्टी, तुनं तं इचा मुरब्बाच करून टाकला." बाबूजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते बैलांकडे गेले, सोडलेले बैल पुन्हा जुंपले आणि बिसेनबाबूंना म्हणाले, "इसार राहू द्या तुमच्याजवळ. बाकीचे उद्या आणून देतो. गाडी माही आहे." बिसेनबाबू म्हणाले, "अरे पाटील, बंद गाडी लेकर क्या करोगे? अर्धे द्या." बाबूजी म्हणाले, "माह्या खुट्यावर लंगडी झाली. पुरे घ्या."

परतीच्या वाटेवर जंगल संपत आलं, तेव्हा त्यांनी पुढं पाहतच विचारलं, "सकाळी काऊन नाही सांगितलं?" मी म्हटलं, "कॉलेज हातातून जाईन म्हून." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मंग आता काऊन सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही खोटे पडून राहिले होते." बंडी पाळीवर चढली, उतरली, कोठ्यासमोर थांबली. मायनं गाडी परत आलेली पाहिली आणि ती काही विचारणार, तोच बाबूजी म्हणाले, "कुंकू आण." मायला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बंद पडलेल्या गाडीले?" "आण म्हटलं ना. आपली आहे आता." मायनं बंडीतच निजलेल्या त्या फटफटीच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं आणि दिव्याच्या काचेला कुंकू लावलं. मग मला रडू आलं, आणि मी चांगली भोकाड पसरून रडले. मारलं असतं तरी एवढी रडले नसते.

वर्ष गेलंच. माझ्या मैत्रिणी साकोलीला गेल्या आणि मी रोवणीला गेले. पण दर रविवारी बाबूजी मला बिसेनबाबूंकडे पाठवत, कधी बंडीनं, कधी मागून आणलेल्या सायकलवर दादाच्या मागं, सोबत इंजिनाचा एखादा भाग तणसात बांधून. बिसेनबाबू खाटेवर बसून शिव्या देत आणि मी त्यांचे हात होत असे. पिस्टनच्या रिंगांवरचा पिवळा थर मी बांबूच्या पातळ काडीनं खरवडला, कारण लोखंड लावलं तर ते माझ्या हातावर काठी मारत. सायलेन्सर आम्ही तणसाच्या आगीत लाल होईपर्यंत भाजला, आणि त्यातून इतका धूर निघाला, की शेजारचे पाणी घेऊन धावले. एक भाग घासून आणायला गोंदियाला धाडला, तो महिनाभर आलाच नाही. चढावर ती का दमत होती, तेही कळलं. धूर जायची वाटच जुन्या काजळीनं अर्धी बुजलेली होती. तेलाचा संबंधच नव्हता; त्या एका दिवशी ती कशी चढली, ते मात्र बिसेनबाबूंनाही सांगता आलं नाही. थंडीत साकोलीकडून मला पाहायला माणसं आली, चांगली माणसं, चांगला मुलगा. मायनं नवी साडी काढून ठेवली होती. बाबूजींनी त्यांना अंगणात चहा पाजला आणि म्हणाले, "पोरीचं काम चालू आहे जी. अर्धं झालं आहे, मध्ये सोडता येत नाही." पाहुण्यांनी विचारलं, कसलं काम. बाबूजी म्हणाले, "इंजिनाचं." पाहुणे परत आले नाहीत. माय माझ्याशी आणि बाबूजींशी आठ दिवस बोलली नाही, आणि नवव्या दिवशी तिनं माझ्या पुढ्यात चटणी जास्त वाढली, म्हणजे संपलं.

उन्हाळ्यात गाडी चालू झाली. मीच चालू केली. आणि मीच ती चालवायला शिकले, आधी बिसेनबाबूंच्या अंगणात, मग तलावाच्या कोरड्या पोटात. दादाला रोवणी सोडून रोज फाट्यावर जाणं जमणार नाही, हे एका वर्षात सगळ्यांना दिसलं होतं. फाट्यावर गाडी ठेवायला ढाबेवाल्यानं मागची पडवी दिली. राहिला तो एकच प्रश्न, गाव. पोरगी साडी खोचून फटफटी चालवते, हे त्या गावानं कधी पाहिलेलं नव्हतं. तलावात चालवते तोवर पोरखेळ होता, पण रोज सकाळी मारुतीच्या पारावरून सगळ्यांच्या समोरून जायचं म्हणजे वेगळं. माय म्हणाली, लोक काय म्हणतील. या वेळी तिचं खरं होतं, लोक म्हणणार होते.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी गाडी बाहेर काढली, तर बाबूजी स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून, बगलेत छत्री धरून उभे. मी विचारलं, "कोठी चालले जी?" ते म्हणाले, "चाल." आणि माझ्या मागं सीटवर बसले. मी किक मारली. पारावर नेहमीची चारपाच माणसं होती. ती एकदम उठून उभी राहिली. त्यातल्या एकानं हाक मारली, "पाटील, पोरगी चालवून राहिली आणि तुम्ही मांगं?" बाबूजींनी मला गाडी थांबवायला लावली. खाली न उतरता, छत्री बगलेत तशीच धरून, ते म्हणाले, "मले चालवता येत नाही. तिले येते." मग माझ्या खांद्यावर बोट टेकवलं, म्हणजे निघ. गावातलं शेवटचं घर आलं तिथं ते उतरले, मला जायला सांगितलं, आणि त्याच रस्त्यानं, त्याच पारावरून, पायी घरी परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा धोतर नेसून तयार. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोवणीचे दिवस, बांधीत चिखल तयार, मजूर वाट पाहत बसलेले, आणि गावातला बैलांचा सगळ्यांत मोठा पारखी रोज सकाळी पोरीच्या मागं बसून गावाच्या टोकापर्यंत जायचा आणि चालत परत यायचा. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी आम्ही पारावरून गेलो तेव्हा कोणी उठलं नाही, कोणी हाक मारली नाही, एक जण तंबाखू मळत होता, त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. शेवटच्या घराजवळ बाबूजी उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "उद्यापासून तू एकटी जा. मले बांधीवर लय कामं पडली आहेत."